एकास पन्नास

सोमवार, ९ जून

ताई,

जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते. यात माझं मत नाही.

१. शनिवार, ३१ मे, सकाळी साडेअकरा. बाबा तुझ्या दुकानाच्या पायरीवर उन्हात बसले होते. समोरचा न्हावी दोन महिन्यांनी परगावाहून परतला होता. बाबांचा चेहरा निळा पडलेला त्याला दिसला आणि त्याने रुग्णवाहिका बोलावली.

२. रुग्णालयात हृदयाचा त्रास समजून ऑक्सिजन लावला. चाळीस मिनिटांत रंग बदलला नाही. बोटाला लावलेला चिमटा ९८ दाखवत होता. म्हणजे रक्तात काही कमी नव्हतं.

३. त्वचेच्या डॉक्टरांनी बाबांच्या शर्टाची कॉलर खाली ओढली. कॉलरच्या वर करडा-निळा रंग, खाली नेहमीचा. त्यांनी विचारलं, "हे चांदीचं काही घेतात का?"

४. मी तुला सगळ्यांसमोर जे बोलले ते बोलले. तू बाबांच्या चपला पलंगाखाली जुळवून ठेवल्यास आणि निघून गेलीस.

५. मी बाबांना माझ्या खोलीवर आणलं.

६. गुरुवार, ५ जून. तुझ्या बाटलीतलं चांदीचं पाणी मी प्रयोगशाळेत मोजलं. लेबलवरचा आकडा: लिटरमागे ४ मिलिग्रॅम. मला आलेला आकडा: २००.

७. मी तुला सतरा वेळा फोन केला. तू उचलला नाहीस.

आता मत.

चांदीच्या पट्ट्या, वीज आणि उकळतं पाणी वापरून तू जे बनवतेस, ते साबण आणि तेलांच्या शेजारी तपकिरी बाटल्यांत विकतेस. बाटली तपकिरी असल्यामुळे आतला रंग कुणाला दिसत नाही. मी ते काचेच्या पेल्यात ओतलं तर कोऱ्या कडक चहासारखं दिसलं. चार मिलिग्रॅमचं पाणी फिकट पिवळं दिसायला हवं.

माझं काम तुला मी कधी नीट सांगितलं नाही. एका बाजूने उजेड सोडायचा, मध्ये काचेच्या चौकोनी कुपीत द्रव ठेवायचा, आणि पलीकडे किती उजेड पोहोचला ते मोजायचं. तुझ्या पाण्यातले चांदीचे दाणे इतके बारीक आहेत की एका केसाच्या जाडीत पाच हजार ओळीने बसतील. ते जांभळा उजेड अडवतात, म्हणून उरलेला पिवळा दिसतो. दाणे जितके जास्त, तितका कमी उजेड पलीकडे जातो. यंत्र एवढंच सांगतं की इतका उजेड पोहोचला नाही. दाण्यांनी तो गिळला की बाजूला उडवला, ते यंत्राला कळत नाही. चांदी दोन्ही करते.

पन्नासपट फरक हात हलल्याने पडत नाही. तू मधल्या काळात पाणी कडक करत गेलीस आणि लेबल जुनंच चिकटवत राहिलीस, असा मी अर्थ लावते. दुसरा काही अर्थ असेल तर कळव.

डॉक्टर म्हणतात, बाबांच्या जिवाला धोका नाही. रंग मात्र जाणार नाही. कातडीत बसलेली चांदी उन्हाने आणखी काळी पडते, जुन्या फोटोच्या कागदासारखी, म्हणून ऊन टाळायचं. ज्या माणसाने पस्तीस वर्षं शिडीवर चढून भर उन्हात दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्याला मी पडदा ओढून आत बसवलं आहे. ते स्वतः मजेत असल्याचं दाखवतात. काल आरशात बघून म्हणाले, "पांढरा तीन भाग, काळा अर्धा, निळ्याचं एक बोट. हा रंग मी एका दवाखान्याच्या पाटीला दिला होता. पैसे देताना कुरकुरला होता लेकाचा."

मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, विक्री आजपासून बंद. दोन, बाबा सोडून आणखी कोण कोण हे पाणी पितं त्यांची यादी. नावं आणि पत्ते तुझ्या वहीत आहेत, दुसरीकडे कुठे नाहीत, हे मला माहीत आहे.

तुझी बहीण


शुक्रवार, १३ जून

ताई,

पत्राला उत्तर नाही. तू वाचून ठेवून दिलंस की न वाचता बाजूला सारलंस, ते इथून कळत नाही. दोन्हीत माझ्यापर्यंत पोहोचतं ते शून्यच. म्हणून बुधवारी संध्याकाळी मी दुकानावर आले.

तू मागच्या खोलीत होतीस. पडद्याखाली तुझ्या पायाची बोटं दिसत होती, म्हणून भावोजी "ती बाहेर गेलीय" म्हणाले तेव्हा मी वाद घातला नाही.

"चहा टाकू?" त्यांनी विचारलं.

"नको. पत्र मिळालं?"

"मिळालं की. तिनं वाचलं, मग मी वाचलं. नंबर घालून लिहितेस ते बरं असतं. भांडण कुठवर आलंय ते कळतं."

"भावोजी, यादी."

"एकतीस जण आहेत. नावं मला येत नाहीत. वही तिच्याकडे." आणि त्यांनी मानेने भिंतीकडे खूण केली. "ते बघितलंस का? तू बऱ्याच दिवसांत आली नाहीस."

भिंतीवर, घड्याळाच्या खाली, लाकडी चौकटीत माझा रिपोर्ट होता. आमच्या प्रयोगशाळेचा कागद, गेल्या वर्षीची १३ फेब्रुवारी ही तारीख, 'लिटरमागे ४ मिलिग्रॅम', आणि खाली माझी सही. काचेवर धूळ नव्हती. कुणीतरी ती रोज पुसतं.

"येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ते वाचतं," भावोजी म्हणाले. "न वाचता निघालं तर ही हाताला धरून वाचायला लावते. माझ्या धाकट्या बहिणीनं तपासलंय म्हणते. केवढ्या मोठ्या ठिकाणी आहे म्हणते."

तेव्हा तू पडद्याआडून बोललीस. "मी एक थेंब बदललेला नाही. विचारा तिला, आकडा कुणाचा आहे ते."

तुझ्यामाझ्यात सहा पावलांचं अंतर होतं आणि तू भावोजींमार्फत विचारलंस.

रिपोर्ट माझा आहे. पहिल्या पत्रात मी तो लिहिला नाही, कारण तो एका बाटलीचा आहे. त्या दिवशी तू आणलेल्या बाटलीत जे होतं ते मी मोजलं. त्यानंतर सोळा महिने तू काय उकळलंस, याला माझी सही जबाबदार नाही. हे मी भावोजींना सांगितलं आणि आवाज पडद्यापलीकडे जाईल इतका ठेवला. त्यांनी मान डोलावली, आतल्या कपाटातून एक बाटली आणली आणि माझ्या पिशवीत ठेवली.

तू नव्या मालाची पहिली बाटली मेणाने बंद करून, वर तारीख घालून जपून ठेवतेस. पहिल्या साबणाचीही वडी ठेवली होतीस, उंदराने खाईपर्यंत. ही बाटली गेल्या वर्षीच्या १२ फेब्रुवारीची आहे. मला दिलेली बाटली ज्या भांड्यातून भरलीस, त्याच भांड्यातली. मेण अखंड आहे. ही मोजली की पाणी मागाहून कडक झालं की नाही ते ठरेल. सोमवारी यंत्र मोकळं आहे.

दाराशी टपालवाली भेटली. तिच्या टपालाच्या पिशवीत तुझी बाटली होती. मी तिला हात दाखवायला सांगितला. नखांच्या मुळाशी जी पांढरी चंद्रकोर असते, ती तिच्या दोन्ही अंगठ्यांवर निळसर आहे. या निळेपणाची सुरुवात नखांतूनच होते. मी तिला सांगितलं, हे पिऊ नका, दिवसभर उन्हात हिंडता, तुमचा चेहरा माझ्या वडिलांसारखा होईल.

ती हसली. "ताईंनी सांगितलं तर थांबेन बाई. माझ्या लेकीच्या आजारपणात रोज डबा ताईंनी दिलाय. तुम्ही कोण?"

"मी त्यांची बहीण. तो भिंतीवरचा कागद माझाच आहे."

"मग? तुम्हीच तर चांगलं आहे म्हणून लिहून दिलंय!"

हे पत्र तुझ्या हातात तीच देईल. तिचे अंगठे बघ.

आता बाबा. काल त्यांनी विचारलं, "चांदी पांढरी, मग मी निळा कसा गं?" मी पेल्यात पाणी घेऊन त्यात तुझ्या बाटलीतले थोडे थेंब टाकले आणि विजेरी लावली. सांगितलं, चांदीचा पत्रा सगळा उजेड परत पाठवतो म्हणून चकाकतो. तीच चांदी अगदी बारीक झाली की काही रंगांचा उजेड दाण्यांत अडकतो. दाणा लहान असला तर उजेड बहुतेक गिळतो, मोठा असला तर चहूकडे उडवतो. कातडीखाली असे दाणे बसले की आत गेलेला उजेड परत येत नाही, आणि थोडा येतो तो गाळून निळसर येतो.

बाबा म्हणाले, "म्हणजे लहानपणी गिळायचं आणि मोठेपणी उडवायचं. आपल्या घराण्याचीच आहे म्हणायची ही चांदी."

त्यांच्या बोटांच्या मागच्या कातडीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा डॉक्टरांनी काढला होता. कालच त्यांनी मला तो सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. आधी खालून सरळ उजेड सोडला. गुलाबी मांसात काळे ठिपके दिसले, मिरपूड सांडल्यासारखे. मग त्यांनी सरळ येणारा उजेड चकतीने अडवला आणि फक्त कडेचा आत येऊ दिला. सगळं काळं झालं आणि तेच ठिपके पेटले. निळे, हिरवे, काही नारिंगी. मी बराच वेळ डोळा काढला नाही. बाबांच्या बोटात ते होतं आणि ते सुंदर होतं. हे मी डॉक्टरांना बोलले नाही. बाबांना तर नाहीच.

शेवटची गोष्ट लिहावी की नाही याचा विचार दिवसभर केला. आज सकाळी मोरीत बाबांचा कप होता. कडेला आतून पिवळं वर्तुळ. मी कप उजेडाकडे धरून पाहिला. मग त्यांची ब्रशांची पेटी उघडली. खालच्या कप्प्यात तुझ्या दोन बाटल्या, एक भरलेली, एक अर्धी.

"बाबा, हे काय?"

"काही नाही. थोडंच घेतो."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टर परका आहे. थोरलीनं माझ्यासाठी केलंय ते. मी टाकून दिलं तर त्याचा अर्थ काय होतो ते कळतं का तुला?"

मी बाटल्या घेतल्या नाहीत. घेतल्या असत्या तर ते तुझ्या घरी परत आले असते. म्हणजे बाबा अजून पीत आहेत, माझ्या खोलीत, मला माहीत असताना. तू त्यांना एक फोन केलास तर ते आज थांबतील.

फोन कर. माझ्याशी बोलू नकोस.

तुझी बहीण


बुधवार, १८ जून

ताई,

तुझा फोन आला नाही. हे पत्र तू पूर्ण वाचावंस म्हणून आधीच सांगते, यात तुझ्यावर आरोप नाही.

सोमवारी मेणाची बाटली फोडली. तळाशी थोडा गाळ होता, हलवून एकजीव करून घेतला. तीन वेळा मोजलं. १९४, १९६, १९४.

म्हणजे पहिल्या दिवसापासून पाणी एवढंच कडक होतं. तू एक थेंब बदललेला नव्हतास.

यंत्र बंद करून मी माझी गेल्या वर्षीची वही काढली. ताई, पन्नास हा आकडा मला ५ जूनलाच खटकला होता. चोपन्न किंवा सत्तेचाळीस आला असता तर खटकला नसता. मी तो पहिल्या पत्रात लिहिला आणि पुढे गेले. वही तेव्हाच उघडता आली असती. टेबलापासून कपाट तीन फुटांवर आहे. मी अकरा दिवस उघडली नाही.

वहीत १३ फेब्रुवारीच्या पानावर माझ्या अक्षरात आहे: 'ताईची बाटली. गडद. १:५०. आलं ४.'

गडद द्रवातून उजेड पलीकडे जातच नाही. यंत्राला तो खांब आहे की पाणी, काही कळत नाही. म्हणून आम्ही द्रव आधी पातळ करतो. एक भाग द्रव, बाकी पाणी, मिळून पन्नास. मग मोजतो आणि आलेल्या आकड्याला पन्नासने गुणतो. नव्याने लागलेल्या मुलांना आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो ते हेच. रिपोर्टच्या कागदावर 'किती पातळ केलं' अशी एक चौकट असते. तुझ्या रिपोर्टवर ती कोरी आहे. मी गुणाकार केला नाही आणि चौकट भरली नाही. पन्नास थेंबांत एक थेंब तुझा होता. त्या पातळ पाण्याचा आकडा मी तुझ्या बाटलीचा म्हणून लिहून दिला.

तो आकडा बघून तू भावोजींना काय म्हणालीस ते त्यांनी मला गेल्या बुधवारी दुकानात सांगितलं होतं. मी ते गेल्या पत्रात गाळलं. तू म्हणालीस, "चार म्हणजे काहीच नाही. नुसतं पाणीच की. एवढ्याशानं बाबांच्या पोटाच्या दुखण्याला काय गुण येणार?" आणि चमचाभर देत होतीस ते अर्धा कप केलंस, सकाळ-संध्याकाळ. मी हिशेब केला. आकडा खरा असता तर बाबांच्या पोटात दिवसाला अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडी जास्त चांदी गेली असती. गेली तीस. सोळा महिन्यांची चौदा ग्रॅम. आई गळ्यात घालायची ती बारीक साखळी एवढीच भरली असती. बहुतेक बाहेर पडली असेल. जी राहिली ती आपण बघतो आहोत.

मी चुकत नाही अशी माझी ख्याती आहे. तूच मला मोजपट्टी म्हणायचीस. म्हणून ही चूक कशी झाली तेही सांगायला हवं. हे वहीत नाही.

त्या दिवशी पाच वाजून गेले होते. तू आमच्या दारात उभी होतीस, दोन्ही हातांत पिशव्या, अंगाला त्या नारिंगी साबणाचा वास. टॅक्सी थांबवून ठेवली होतीस. पहारेकऱ्याला तू मोठ्याने सांगत होतीस की माझी बहीण इथे शास्त्रज्ञ आहे. मी शास्त्रज्ञ नाही, मी तपासनीस आहे. जिन्यावरून आमच्या विभागप्रमुख बाई उतरत होत्या. तू त्यांनाही थांबवलंस आणि साबणाची वडी देऊ केलीस. त्यांनी ती घेतली, आणि माझ्याकडे पाहून थोडं हसल्या.

मला तू तिथून लवकरात लवकर जायला हवी होतीस.

एवढंच कारण आहे. मी बाटली आत नेली, पातळ केली, मोजली, आकडा जसाच्या तसा कागदावर घातला, सही केली आणि बाहेर आणून दिला. बाहेरच्या माणसाला असा रिपोर्ट द्यायची मला परवानगीही नव्हती. अकरा मिनिटं लागली. एरवी मला चाळीस लागतात. तू कागद दोन्ही हातांनी घेतलास आणि म्हणालीस, "चौकट करून लावते." मी म्हटलं, टॅक्सीवाला ओरडतोय.

आई गेल्यावर माझ्या वेण्या तू घातल्यास, माझ्या फीसाठी तू शिक्षण सोडलंस. अशा माणसाला मी दारातून अकरा मिनिटांत घालवलं, आणि सोळा महिन्यांनी रुग्णालयात सगळ्यांसमोर म्हणाले, "तू बाबांना वर्षभर विष पाजलंस." तू त्या वेळी काही बोलली नाहीस. रिपोर्ट भिंतीवर असताना बोलली नाहीस. का, ते मला माहीत नाही. मी विचारत नाही.

काल दुपारी मी बाबांना सांगितलं. वही समोर उघडून ठेवली. त्यांनी चष्मा लावला, '१:५०' वर बोट ठेवलं आणि मला दोनदा समजावून सांगायला लावलं. मग चष्मा काढून ठेवला. मला वाटलं, ओरडतील.

"पाटी रंगवणाऱ्याला जो मजकूर देतात, तोच तो लिहितो," ते म्हणाले. "एकदा एका दुकानदारानं मला 'शनिवारी बंद' असं लिहून दिलं. मी सुरेख रंगवलं. बंद असायचं रविवारी. लोक महिनाभर मला शिव्या देत होते. थोरलीनं तुझा मजकूर लिहिला."

"हो."

"मग तिला तोंडावर सांगितलंस का हे?"

"लिहिणार आहे."

"लिहिणार आहे!" ते म्हणाले. "सहा पावलांवर होती तेव्हा जीभ गहाण पडली होती का?"

मग ते उठले, ब्रशांची पेटी उघडली, दोन्ही बाटल्या काढल्या आणि स्वतःच्या हाताने मोरीत ओतल्या. अर्धी आधी, भरलेली नंतर. मोरीची पांढरी फरशी पिवळी झाली. त्यांनी तिच्यावर पाणी टाकलं. मला म्हणाले, "आता ठीक आहे. आता टाकलं तर थोरलीला काही लागत नाही."

ताई, मी पाच दिवस डॉक्टरांचे शब्द सांगत होते आणि ते पीत होते. तुझी चूक नव्हती हे कळलं त्या क्षणी ते थांबले. म्हणून मी आता यादी वेगळ्या कारणासाठी मागते आहे. ती एकतीस माणसंही तुझ्यासाठी पीत आहेत. टपालवाली माझं ऐकणार नाही. औषध निरीक्षकाचंही ऐकणार नाही, घरी ठेवलेल्या बाटल्या लपवून पीत राहील. तू तिच्याकडे गेलीस आणि म्हणालीस की कागदावरचा आकडा खोटा होता, माझ्या बहिणीचा गुणाकार राहिला, तर थांबेल. तिचे फक्त अंगठे निळे झाले आहेत. चेहरा अजून तिचा आहे.

सोमवारी, २३ जूनला, सकाळी दहा वाजता मी माझा लेखी जबाब विभागप्रमुख बाईंना देणार आहे आणि त्याची प्रत औषध निरीक्षकांना. वहीच्या पानाची छायाप्रत सोबत जोडली आहे. जबाबात लिहिलं आहे की पहिल्या बाटलीपासून पाणी तेच आहे, विकणारीने काही बदललं नाही, आणि चुकीचा आकडा माझा आहे. परवाना नसताना विकल्याचा जाब तरीही तुला द्यावा लागेल, तो मी पुसू शकत नाही. माझी नोकरी बहुधा जाईल. क्रमात येतं म्हणून लिहिलं.

तो कागद गेला की ते दुकानाला कुलूप लावतील आणि वहीही घेऊन जातील. मग त्या एकतीस घरी अनोळखी माणूस जाईल. म्हणून फक्त सोमवारपर्यंत थांबले आहे. एकेक दिवस थांबण्याची किंमत मी पाहिली आहे. याहून जास्त थांबणार नाही.

पहिल्या पत्रात दुरुस्ती:

मुद्दा ४ असा वाचावा: मी तुला सगळ्यांसमोर जे बोलले ते खोटं होतं.

मुद्दा ६ असा वाचावा: बाटलीत २०० होतं. लेबलवर ४ होतं. ते ४ मी लिहिलं होतं.

मुद्दा ७ काढून टाकावा. तू फोन का उचलावास, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

भिंतीवरची चौकट आजच उतरव. काच फोडू नकोस, कागद काढून मला पाठव. जबाबाला मूळ प्रत लागेल.

यादी पाठव. किंवा यादी स्वतःकडे ठेव आणि एकतीस जणांना तू सांग. मी सोबत यावं असं वाटलं तर तसं लिही, मी रजा काढली आहे. प्रत्येक दारात जे सांगायचं ते मी सांगेन, तू फक्त शेजारी उभी राहा. यातलं काहीच करायचं नसेल तर 'नाही' एवढं लिही. तेही चालेल, मला पुढचं ठरवता येईल.

शनिवारी, २१ जूनला, संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर दे. टपालवालीच्या हाती दिलंस तरी मिळेल. ती दुपारी चारला माझ्या गल्लीत असते. मी दारात उभी राहीन.

मोजपट्टी